आत्याबाईंचं दुपटं

लोक माझ्याकडे अर्धवट गोधड्या घेऊन येतात. कुणाच्या आईने तुकडे जोडून ठेवलेले असतात आणि पुढे तिचे गुडघे गेलेले असतात. कुणी मोबाइलवर बघून हौसेने सुरू केलेली असते आणि हौस पंधरा दिवसांत संपलेली असते. विद्यानगरातल्या आमच्या फ्लॅटची मागची खोली मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेल्यापासून रिकामी होती, ती आता माझी कामाची खोली आहे. मुलगी तिला स्टुडिओ म्हणते. जमिनीवर सतरंजी, भिंतीशी मशीन आणि कापडांनी कोंबलेली दोन कपाटं, याला स्टुडिओ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. तेलुगू बायका गोधडीला बोंता म्हणतात, जुन्या शहरातून येणाऱ्या मुसलमान बायका रजई म्हणतात, मी कुणाला दुरुस्त करत बसत नाही. थर बसवायचे, कच्च्या टाक्यांनी धरून ठेवायचे, मग हाताने धावदोरा घालायचा, शेवटी चारी बाजूंनी गोट लावायचा आणि घडी करून द्यायची, एवढं माझं काम.

या कामात माझी एक सवय होती, ती आधी सांगून टाकते. आणलेल्या गोधडीतले टाके कच्चे दिसले की मी ते उसवायची आणि नव्याने घालायची. आणि सांगायची नाही. युनिव्हर्सिटीतल्या एक बाई आईने निम्मी शिवलेली गोधडी घेऊन आल्या होत्या. पुरी झाल्यावर हात फिरवून म्हणाल्या, "बघा, आमच्या अम्माचा हात किती पक्का होता!" त्यातले निम्म्याहून जास्त टाके माझे होते. मी म्हटलं, हो ना. त्या खूश, गोधडी टिकणार, माझं काय गेलं? असं मी कितीजणींच्या बाबतीत केलंय याची मोजदाद नाही.

हे काम मला शिकवलं सासूबाईंनी. आम्ही सासूला आत्याबाई म्हणतो. मराठवाड्यातल्या शेतकरी घरातून त्या लग्न होऊन इथे आल्या, सासऱ्यांची सरकारी नोकरी होती, आणि तेव्हापासून हैद्राबादच त्यांचं गाव. त्यांचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, एकासारखा एक. मी नवी होते तेव्हा त्यांनी मला काय छळलंय, विचारू नका. मी दुपारभर बसून एक ओळ शिवायची, त्या चष्मा लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "हा टाका आहे की उडी मारलीस?" आणि माझ्यासमोर कात्री घेऊन सगळी ओळ उसवायच्या. पाहुणे बसलेले असले तरी. मला असा राग यायचा की सुई घेऊन खिडकीबाहेर फेकावी. पण हात बसला तो त्यामुळेच, हे मी आज कबूल करते.

आता आत्याबाई ऐंशीच्या पुढे आहेत. उजवा डोळा पूर्वीच गेलेला. काही महिन्यांपूर्वी डावा पण अंधुक झाला, तेव्हा कोठी भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज आहे, डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, दर महिन्याला एक, निदान तीन, आणि चुकवायचं नाही. पहिल्या वेळी आत्याबाईंनी माझं मनगट असं धरलं की दोन दिवस वळ राहिले. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "सुई हातात धरायची वस्तू आहे. डोळ्यात कुणी घालतं का?"

त्याच सुमाराला मुलीचा फोन आला. तिला चौथा महिना लागला होता. आमच्याकडे बाळाचं पहिलं दुपटं घरातच शिवतात, जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं, म्हणजे बाळाच्या अंगाला टोचत नाही. ते मीच शिवणार असं मी धरून चालले होते. आत्याबाईंनी फोन ठेवायच्या आधीच जाहीर केलं, "पणतवंडाचं दुपटं मी शिवणार. कुणी हात लावायचा नाही."

मी म्हटलं, "आत्याबाई, डोळ्याला त्रास होईल."

"माझा डोळा मी बघते. तू तुझ्या गिऱ्हाइकांचं बघ."

आत्याबाईंशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. त्यांचंच फिकट पोपटी सुती लुगडं काढलं, आत सासऱ्यांचं जुनं धोतर घातलं, थर मी धरून दिले, तेवढंच मला करू दिलं. सकाळी मी दहा-बारा सुया ओवून उशीत टोचून ठेवायची. त्या बाल्कनीच्या उजेडात तासभर बसायच्या, एक ओळ, फार तर दीड ओळ घालायच्या, मग जेवण आणि झोप.

पहिल्याच दुपारी त्या झोपल्यावर मी दुपटं उघडून बघितलं. आई गं! सुरुवातीचे चार टाके त्यांचे होते, तांदळासारखे. पुढे एकेक टाका बोटाएवढा, ओळ चढावर चढल्यासारखी तिरकी, मधले कितीतरी टाके नुसते वरच्या थरात, खालच्या कापडाला शिवलेच नव्हते. कापडाला चुण्या पडलेल्या. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. हाच तो हात. मी कात्री घेतली, ओळ उसवली आणि बरोबर त्यांच्यासारखा बारीक टाका घालून पुन्हा शिवली. तासभर गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "बघ, जमतंय अजून," म्हणाल्या.

"न जमायला काय झालं?" मी म्हटलं.

झालं, मग रोजचंच सुरू झालं. त्या सकाळी शिवायच्या, मी दुपारी उसवून शिवायची. दोन-तीनदा तर मला त्यांची ओळ सापडलीच नाही. वाटलं, आज बसल्या नसतील, नुसतं म्हणाल्या असतील. मी माझ्या मनाने एक ओळ घालून टाकली. आत्याबाई मात्र बदलल्या. पोळी जास्त खायला लागल्या. नातीला फोनवर सांगायला लागल्या, "माझा हात परत आलाय बघ." माझ्या खोलीत येऊन गिऱ्हाइकांच्या गोधड्या चाचपायच्या आणि म्हणायच्या, "हे ढिलं आहे, आवळ." मला राग यायच्या ऐवजी आनंद व्हायचा. नवऱ्याला सांगितलं तर ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "आईला सांगून टाक, उगाच घोळ होईल." मी म्हटलं, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" मला खरंच वाटत होतं की मी पुण्याचं काम करतेय.

दहा-बारा दिवसांनी दुसऱ्या इंजेक्शनची तारीख आली. मी रिक्षा बोलावली, फाइल पिशवीत घातली, आणि बघते तर आत्याबाई घरातल्या लुगड्यातच पलंगावर बसलेल्या.

"अहो, निघायचंय ना?"

"नक्को," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं इथे राहून नकार द्यायचा तर त्या असाच देतात, पक्का हैद्राबादी. "कशाला उगाच डोळ्यात सुया? मला दिसतंय. दिसत नसतं तर हे टाके असे आले असते का?" आणि दुपटं माझ्या मांडीवर टाकलं.

माझ्या मांडीवर माझेच टाके. तेव्हाच बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. पण त्यांचा चेहरा बघितला आणि माझ्या तोंडून निघालं, "बरं, पुढच्या आठवड्यात जाऊ." खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं. आबिड्सच्या एका घरी लग्न होतं, त्यांच्या दोन गोधड्यांचा गोट राहिला होता, माझा दिवस वाचला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, "नक्को." दवाखान्यातून दोनदा फोन आला. मी सांगितलं, येतो. डॉक्टर म्हणाले होते चुकवू नका, हे मला पाठ होतं, पण त्यांना बरं वाटतंय म्हणजे थोडा फरक पडलाच असेल, अशी मी माझी समजूत घातली. टाके मीच घालत होते आणि मीच त्यांच्यावर विश्वास ठेवायला लागले होते. असे दोन महिने गेले.

एका सकाळी मी चहा घेऊन बाल्कनीत गेले. आत्याबाई शिवत बसल्या होत्या. सुई कापडात घालत होत्या, पलीकडून काढत होत्या, दोरा ओढावा तसा हात वर नेत होत्या, पुन्हा सुई घालत होत्या. तोंडाने हलकं काही पुटपुटणं चाललं होतं, बाळाशी बोलावं तसं. मी कप ठेवायला वाकले आणि बघितलं, सुईत दोराच नव्हता. तो कधीचा निसटून त्यांच्या पायाशी पडला होता. दुपट्यावर नुसत्या भोकांची ओळ होती.

मला न सापडलेल्या त्या ओळी एकदम आठवल्या. त्या त्या दिवशीही त्या बसल्या होत्या, शिवत होत्या, अशाच.

"आत्याबाई," मी म्हटलं, "सुईत दोरा नाही."

हात थांबला. त्यांनी सुईचं नेढं चिमटीत धरून बघितलं, मग कापडावर अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग म्हणाल्या, "मग कालचे टाके कुणाचे?"

"माझे."

"आणि परवाचे?"

मी खाली बसले. सगळं सांगितलं, पहिल्या दुपारपासून. त्या ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी दुपटं पुढे केलं आणि म्हणाल्या, "यातले माझे कुठले, तिथे माझं बोट ठेव."

ठेवायला जागाच नव्हती. सगळं दुपटं माझं होतं.

मग त्या जे बोलल्या ते मी जन्मात विसरणार नाही. आवाज चढवला नाही. "मी तुझे टाके उसवले ते तुझ्या तोंडावर उसवले," त्या म्हणाल्या. "तू माझे झोपेत उसवलेस. मी आंधळी होत होते आणि तू मला सांगत होतीस, दिसतंय."

त्याच दिवशी कोठीला गेलो. तारीख नव्हती, तरी बसून राहिलो. रिक्षात त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या, रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, इधर सरको, गिर जाते," तेव्हा तेवढ्या सरकल्या. डॉक्टरांनी तपासलं, मशीनवर डोळ्याचा फोटो काढला आणि मला पडद्याजवळ बोलावून इंग्रजीत सांगितलं. सूज होती तिथे आता व्रण झाला होता. जेवढं दिसणं गेलं ते परत येणार नाही. शिल्लक आहे तेवढं सांभाळायला इंजेक्शनं द्यायची. "दोन महिने आधी आला असता तर..." एवढं म्हणून त्यांनी फाइल मिटली. भला माणूस. मी म्हटलं, चूक माझी आहे. ते म्हणाले, आता पुढचं बघू. इंजेक्शन घेताना मी मनगट पुढे केलं होतं. आत्याबाईंनी खुर्चीचा हात धरला.

परत येताना त्यांनी एकच विचारलं, "काय म्हणाले?"

"इंजेक्शनं चालू ठेवायची म्हणाले."

बघा, सवय अजून गेली नव्हती. वाटलं, आजच्या दिवसाला एवढं पुरे आहे, उरलेलं नंतर सांगू.

आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. म्हणजे मीठ दे, दार लाव, एवढंच. मुलीला फोनवर त्यांनी काही कळू दिलं नाही, शेजाऱ्यांना नाही, कुणालाच नाही. मी नवऱ्याला सांगितलं. ते मला बोलले असते तर बरं झालं असतं, पण ते नुसते आईजवळ जाऊन बसले. मी खोलीत जाऊन मशीन चालवायची आणि रडायची. गिऱ्हाइकांच्या गोधड्यांमधले वाकडे टाके दिसायचे आणि मला त्यांना हात लावायची भीती वाटायची. त्या आठवड्यात एका बाईला मी सरळ सांगितलं, तुमच्या सासूबाईंचे टाके कच्चे आहेत, उसवू का तसेच ठेवू? तिला जरा राग आला. मग म्हणाली, तसेच ठेवा.

आठव्या दिवशी आत्याबाईंनी हाक मारली. "दुपटं आण. आणि कात्री."

मी आणलं. म्हणाल्या, "उसव."

"सगळं?"

"माझ्यासमोर."

दोन दुपारी लागल्या. त्या कापडाचं एक टोक धरून बसायच्या आणि मी ओळ उसवली की तिथे बोट फिरवून बघायच्या, राहिला नाही ना टाका. दोन महिन्यांचं काम होतं, सगळं बारीक, सगळं सरळ. माझ्या आजवरच्या कामातलं ते सगळ्यात चांगलं काम असेल, कारण मी त्यांच्या हाताची नक्कल करत होते. दोऱ्यांचा एवढा गोळा जमला. तो त्यांनी केराच्या डब्यात टाकायला लावला.

मग त्यांनी शिवायला घेतलं. आता मी शेजारी बसते, माझं काम बाजूला ठेवून. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख त्या थर धरायला घातलेल्या कच्च्या टाक्यावर ठेवतात आणि त्याच्या कडेने सुई घालतात. वीतभर झालं की विचारतात, "सरळ आलं?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा "हो" जिभेच्या टोकावर होतं. एवढीशी गोष्ट, म्हणून टाकावं. पण म्हटलं नाही. म्हटलं, "नाही. उजवीकडे गेलंय."

"किती?"

"दोन बोटं."

त्यांनी कात्री मागितली आणि स्वतः उसवलं, चाचपत चाचपत. एका टाक्याला कापड कापलं जाणार असं वाटलं, पण मी हात पुढे केला नाही. त्या दिवशी चार बोटं शिवून झालं. दुसऱ्या दिवशी पाच. कधी दिवसच्या दिवस काहीच नाही, जेवढं शिवलं तेवढं उसवलं. माझ्या तोंडाला "नाही" म्हणायची सवय झाली, त्यांच्या कानाला ऐकायची. कधी मी "हो" म्हटलं तर त्या ते लगेच मानतात, आणि मला एवढं हलकं वाटतं की लाज वाटते.

मुलीला आता आठवा महिना आहे. दुपट्याचा पाव भाग झाला असेल. मी एकदा भीत भीत म्हटलं की बाळाला तोवर बाजारातलं एखादं घेऊ. "घे की," आत्याबाई म्हणाल्या. "हे गुंडाळायला नाही तर पांघरायला होईल, मोठं झाल्यावर. मी पळतेय का कुठे?"

काल सकाळी बसलो होतो. त्यांनी ओळीचं टोक गाठलं, विचारलं, "सरळ?" मी म्हटलं, "अर्धं बोट खाली." "टाका धरलाय का सगळ्या थरांत?" "धरलाय." "मग असू दे." आणि पुढची सुई घेता घेता, त्याच आवाजात, मान वर न करता म्हणाल्या, "आणि डोळा? डॉक्टर तुझ्याशी इंग्रजीत बोलले त्या दिवशी. परत दिसेल का मला?"

मी हातातली सुयांची उशी खाली ठेवली. मला वाटलं होतं की हे कधी सांगायचं ते मी ठरवीन. खाली भाजीवाला ओरडत होता, तो पुढे जाईपर्यंत मी थांबले.

"नाही, आत्याबाई," मी म्हटलं. "गेलं ते यायचं नाही. आहे तेवढं राहावं म्हणून इंजेक्शनं आहेत. आणि वेळेवर गेलो असतो तर एवढं गेलं नसतं. ते माझ्यामुळे."

"आहे ते किती दिवस राहील?"

"त्यांनाही सांगता येत नाही."

मला माफ करा असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण त्यांनी हातानेच थांबवलं. रडल्या नाहीत. माझ्याकडे, म्हणजे मी बसले होते त्या बाजूला, बघत होत्या.

"मग उद्यापासून उजाडलं की बसू," त्या म्हणाल्या. "आंघोळ मागून करीन."

आंघोळ झाल्याशिवाय आत्याबाईंनी कधी चहाचा घोटसुद्धा घेतलेला नाही. आज सकाळी पावणेसहालाच त्यांनी मला उठवलं.